टाकणारा, उचलणारा आणि समुद्र



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगत नसत, जमिनीवर अंथरत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं. मुलांनी एखादी नदी बोटाने धरायची आणि ती संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. आजचा विषय ठरवताना ही गोष्ट माझ्या मनात होती. आज आपल्याला प्लास्टिकची एक पन्नी बोटाने धरायची आहे.

समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लास्टिकविषयी नागपुरात काय बोलायचं, असं मला काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पश्चिमेचा समुद्र इथून सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास, पूर्वेचा सहाशेच्या. पण गेल्या काही वर्षांत समुद्र आपल्याला फार जवळ आला आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. नागपूरहून मडगावला थेट रेल्वेगाडी जाते. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गल्लीतली चार-दोन घरं तरी गणपतीपुळ्याला, तारकर्लीला, अलिबागला नाहीतर गोव्यात असतात. हे एक कारण. दुसरं कारण आपल्या पायाखालून वाहतं. आपण समुद्राकडे सुट्टीत जातो, आपली नागनदी बाराही महिने जाते.

आधी किनाऱ्यावर जाऊ. पर्यटक उठायच्या आत, पहाटे, भरतीच्या रेघेने चालत गेलं की दोन वेगवेगळे कचरे दिसतात. एक आदल्या संध्याकाळचा. तो टपऱ्यांच्या आसपास, सुरूच्या बनात, गाड्या लावायच्या जागेत असतो: वेफरची पाकिटं, पातळ पेले, भेळेच्या ताटल्या, फुटलेल्या दारूच्या बाटल्या. दुसरा भरतीने आणून टाकलेला. त्यात एकट्या चपला असतात, दात घासायचे ब्रश, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे दाणे, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे. एकटी चप्पल टाकायला कुणी समुद्रावर जात नाही. ती कुठल्या तरी नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून तिथवर आलेली असते.

पर्यटक हे दोन्ही कचरे एकाच नजरेने पाहतो आणि म्हणतो, इथले लोक किती घाण करतात. गावकरी म्हणतो, ही सगळी पर्यटकांची घाण. दोघंही अर्धं खरं बोलतात, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आधाराने दोघंही उचलायचं काम समोरच्यावर सोडून मोकळे होतात.

या रेघेवर काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. पाण्याच्या बाटल्या हजारोंनी विकल्या जातात. त्या मानाने वाळूत फार थोड्या दिसतात. कारण गोणी घेऊन फिरणारी एखादी बाई त्या आधीच वेचून गेलेली असते. बाटलीला कबाड्याकडे किलोवर भाव मिळतो. वेफरच्या पाकिटाला मिळत नाही. ते पाकीट दिसायला एक असलं तरी त्यात प्लास्टिकचे आणि धातूच्या मुलाम्याचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगाराच्या दुकानात ते कुणी घेत नाही. तुमच्या घरची दुधाची पिशवी धुऊन वाळवून ठेवली जाते आणि बिस्किटाचा पुडा गटारात जातो, त्यालाही हेच कारण आहे. घर तेच, हात तोच. पहिल्या वस्तूला परतीची वाट आहे, दुसरीला नाही.

रोलंड गेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली साऱ्या जगाचा हिशेब मांडला. १९५० पासून २०१५ पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं, त्यातल्या सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला. या कचऱ्यातलं ९ टक्के पुन्हा वापरात आलं, १२ टक्के जाळलं गेलं. राहिलेलं ७९ टक्के डंपिंग ग्राउंडवर किंवा मातीपाण्यात पडून आहे. ऊन आणि खारं पाणी लागलं की ते ठिसूळ होतं, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पाच मिलिमीटरहून लहान कणांना आपण मायक्रोप्लास्टिक म्हणतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांना दक्षिण गोव्यातल्या साळ नदीच्या खाडीत, तिथल्या गाळात आणि शिंपल्यांत असे कण सापडले आहेत. गोव्यात सुट्टी घालवणारा माणूस जी मासळी आवडीने खातो त्यातली काही अशाच खाड्यांतून येते.

आता मानसिकतेबद्दल. प्लास्टिकवरच्या कुठल्याही सभेत एक वाक्य ठरलेलं असतं: आधी लोकांची मानसिकता बदलली पाहिजे. वाक्य खोटं नाही. पण ते एकदा बोललं की त्यानंतर कुणालाच काही करावं लागत नाही, नगरपालिकेला नाही, कंपनीला नाही, बोलणाऱ्यालाही नाही. माझी तक्रार एवढीच आहे. आपली मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या स्थानकात खर्रा खाऊन थुंकणारा सहसा दिसत नाही. तोच माणूस जिना उतरून चौकात आला की थुंकतो. दहा मिनिटांत त्याचा स्वभाव दोनदा बदलला असं म्हणायचं का? जागा त्याच्याकडून काय मागते, ते बदललं.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर प्रयोग केले आणि १९९० साली प्रसिद्ध केले. वाहनतळावर गाडीच्या काचेत एक पत्रक अडकवून ठेवायचं आणि गाडीचा मालक त्याचं काय करतो ते दुरून पाहायचं. खाली आधीच कचरा असेल तर पत्रक टाकून देणारे जास्त निघाले, जागा स्वच्छ असेल तर कमी. इथवर आपण अंदाजाने सांगितलं असतं. पुढचं मला महत्त्वाचं वाटतं. त्यांचाच एक माणूस समोरून जाता जाता कागद खाली टाकायचा. घाण जागेत ते पाहून टाकणारे आणखी वाढले, स्वच्छ जागेत ते पाहून कमी झाले. स्वच्छ जागेत टाकलेला कागद माणसाच्या डोळ्यांत खुपतो. म्हणजे सकाळी झाडलेला किनारा दुपारच्या माणसाला आवरतो. झाडणाऱ्याचं काम केर काढण्यापुरतं नसतं, पुढे येणाऱ्याचं वागणंही तो घडवत असतो. हे काम करणाऱ्याला आपण काय देतो, किती देतो, कसं वागवतो?

मला आज जे सांगायचं आहे ते या प्रश्नापाशी आहे. टाकणारा माणूस स्वच्छ आणि उचलणारा अस्वच्छ, ही समजूत आपल्या हाडीमाशी मुरली आहे. ती जातीतून आली आहे. घर लख्ख ठेवायचं आणि घाण उंबऱ्याबाहेर ढकलायची, बाहेरचं कुणीतरी ती नेईल, हे 'कुणीतरी' जन्माने ठरलेलं होतं. आता कायद्याने ते ठरलेलं नाही, पण हात अजून त्याच भरवशावर पाकीट सोडतो. पर्यटनाला गेल्यावर तर त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते: इथे आपल्याला ओळखतं कोण, आणि आपण पैसे मोजले आहेत. खोलीचे पैसे दिले त्यातच समुद्र झाडायचे पैसे आले, असं माणूस मनोमन धरून चालतो. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी जन्माने लादलेली अप्रतिष्ठा झुगारून दिली, त्या शहरात हे सांगायला मला फार शब्द लागू नयेत.

आपल्या विदर्भाने या समजुतीशी दोन हात केलेला एक मोठा माणूस दिला. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण कोकणातही तसा एक माणूस होऊन गेला. तारकर्लीला जाताना कणकवलीहून पुढे जाणाऱ्या आपल्या लोकांना त्यांचं नाव माहीत नसतं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, जन्म १८९४, मृत्यू १९७१. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनी केला. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. संडास साफ करण्याचं काम मला द्या, अशी मागणी त्यांनी केली. तुरुंगाने नकार दिला, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं होतं. अप्पासाहेबांनी अन्न सोडलं. त्यांना पाठिंबा म्हणून त्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनी उपवास सुरू केला, आणि सरकारला विचार करणं भाग पडलं.

पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैला वाया न जाता त्याचं खत व्हावं असे संडास बनवले, मेलेल्या जनावरांचं कातडं सोडवण्याचं काम स्वतः केलं. त्यांचा आग्रह असा की घाणीचं काम तंत्राने सोपं आणि कमी किळसवाणं करायचं, ते कुणाच्याही हाताने व्हायला हवं, आणि त्यातून उपयोगाचं काही निघायला हवं. काम सोपं करणं, काम सगळ्यांचं करणं आणि कचऱ्याला मोल देणं या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारा दुसरा माणूस मला आपल्या इतिहासात चटकन आठवत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याच जिल्ह्यातल्या माणसाचं हे काम आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकात किल्ले असतात, किनारे असतात, मालवणी जेवण असतं. गोपुरीचं नाव मला त्यात क्वचितच दिसलं. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या जिल्ह्यातलं देवबाग डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडांत वसलेलं गाव. पर्यटकाला ते स्वर्गासारखं वाटतं, आणि ते आहेच तसं. पण कचरा पुरायला तिथे जागा कुठून आणायची? ग्रामपंचायतीचा कर गावच्या घरांवर बसतो, कचरा मात्र सुट्टीला उतरलेल्या हजारोंचा. पाण्याची बाटली मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या कारखान्यातून आली, ती पिणारा नागपूरचा, तिच्यावरचा कर गेला राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत, आणि रिकामी बाटली राहिली देवबागच्या ग्रामपंचायतीकडे. मग माडाच्या झावळ्यांबरोबर पाकिटं पेटवली जातात, त्या धुरात मुलं खेळतात. जे जळत नाही ते खाडीत जातं. किनाऱ्यावरून जाळं, म्हणजे रापण, ओढणाऱ्यांच्या हाती मासळीबरोबर पन्न्या येतात, त्या निवडण्यात वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

हे बदलता येतं, याचा पुरावाही त्याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ला हे साधारण बारा हजार वस्तीचं बंदराचं गाव. गेल्या दशकाच्या मध्यात रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी होते. त्यांच्या काळात नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओला-सुका एवढ्यावर न थांबता प्लास्टिक, काच, कापड, धातू असं वर्गवार. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा करून तो डांबरी रस्त्यात. जिथे डंपिंग ग्राउंड होतं तिथे लोक फिरायला येऊ लागले. वेंगुर्ल्याची माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. त्यांच्या दारात रोज ठरल्या वेळी गाडी आली आणि वेगळा न केलेला कचरा त्या गाडीने घेतला नाही, एवढंच. डांबरातल्या प्लास्टिकची पद्धत मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्यात पुरणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे, असं माझं मत आहे. पण खाडीत जाण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

दुसरा पुरावा रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, वेळासला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी कासवाची अंडी चोरून विकली जायची. आता पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचं जेवतात. इथे पर्यटक कुणाच्या तरी घरचा पाहुणा असतो. काठावर मोठ्याने बोलू नका, पिल्लांवर उजेड मारू नका, पाकीट खिशात ठेवा, हे त्याला घरचे काका किंवा वहिनी सांगतात आणि तो ऐकतो. इथे आपल्याला ओळखतं कोण, हा विचार करायला तिथे जागाच उरत नाही.

तिसरं उदाहरण मुंबईचं, तेच मला परत नागपूरला घेऊन येणार आहे. वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन किनारा साफ करायला सुरुवात केली. दर आठवड्याच्या सुट्टीला माणसं जमत गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ साली त्यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसली. मला त्यांच्या कामातला सर्वांत मोठा क्षण यानंतरचा वाटतो. दर पावसाळ्यात समुद्र तोच कचरा परत आणून टाकत होता. तेव्हा ते किनारा सोडून वर सरकले, मिठी नदीवर गेले. किनाऱ्यावर इतकी वर्षं वाकल्यावर त्यांना जे दिसलं ते आपण ऐकून घेतलं पाहिजे: किनाऱ्याचं प्लास्टिक किनाऱ्यावर जन्मत नाही.

तर आता बोट नागनदीवर ठेवा. शहराच्या पश्चिमेला लाव्हा गावाच्या टेकड्यांतून ती निघते, अंबाझरी तलावात येते, आणि पुढे सुमारे सतरा किलोमीटर शहरातून वाहते. या शहराला नाव तिने दिलं. त्या वाटेवर प्रत्येक चौकात पानठेला आहे, आणि तिथे खर्रा घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुना एका पन्नीत घालून घासायचा आणि त्याच पन्नीत बांधून द्यायचा. खर्रा तोंडाच्या कर्करोगाचं घर आहे आणि तो बंद व्हावा असं मला पहिल्यापासून वाटतं. पण आज मी त्या पन्नीविषयी बोलतो आहे. ती तळहाताएवढी, हलकी, तिला भंगारात भाव नाही, आणि ती दिवसातून किती जणांच्या हातून सुटते याचा विचार करा. वाऱ्याने ती गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून नागनदीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडली आणि नागनदी घराघरांत शिरली. त्या पुराला कारणं पुष्कळ होती. पण पाणी ओसरल्यावर पुलांच्या कठड्यांना आणि झाडांच्या फांद्यांना लटकलेल्या पन्न्या आपण सर्वांनी पाहिल्या.

बोट पुढे न्या. पारडीवरून नागनदी शहराबाहेर पडते, कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. तिथे गोसीखुर्दचं धरण आहे, ज्याची कोनशिला १९८८ साली बसली. वैनगंगा मार्कंड्याच्या देवळाशेजारून जाते. पुढे वर्धा नदी येऊन मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीत शिरते. भद्राचलम, राजमहेंद्री, धवळेश्वरचा बंधारा, आणि मग गोदावरीच्या फाट्यांतला एक अंतर्वेदीला बंगालच्या उपसागरात उतरतो. अंतर्वेदी हे लक्ष्मीनरसिंहाचं क्षेत्र. तिथे यात्रा भरते, माणसं समुद्रस्नान करतात. नागपूरचा समुद्रकिनारा शोधायचा तर तो तिथे आहे.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या पानठेल्यांवरची प्रत्येक पन्नी अंतर्वेदीला पोचते असा दावा मी करत नाही. लॉरेन्स मायर आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून अधिक नद्यांतून येतं, आणि त्यात समुद्राजवळच्या शहरांतल्या लहान लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या उत्तरेची उल्हास त्या यादीत वरच्या बाजूला आहे. नदी जितकी लांब, वाटेत बंधारे जितके जास्त, तितकं प्लास्टिक वाटेतच अडकतं. म्हणजे आपलं बरंचसं प्लास्टिक समुद्रापर्यंत जातच नाही. यावर सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी ते कुठे थांबतं ते पाहा. ते पारडीच्या पुढच्या शेतांत थांबतं, जिथे नागनदीच्या पाण्यावर भाजीपाला पिकतो आणि आपल्याच बाजारात येतो. ते गोसीखुर्दच्या फुगवट्यात थांबतं, जिथे भंडाऱ्याच्या बाजूचे ढिवर जाळी टाकतात. देवबागच्या रापणकराला जे सोसावं लागतं तेच या ढिवरांना सोसावं लागतं. फरक इतकाच की त्यांच्या काठावर पर्यटक जात नाहीत, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. किनाऱ्याची घाण आपल्याला दिसते कारण आपण तिथे सुंदर काही पाहायला जातो. वैनगंगेच्या काठाला ते भाग्य नाही.

नागनदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झालेला आहे. त्यात सांडपाण्यावर प्रक्रिया आहे आणि ती हवीच. पण सांडपाण्याच्या नळात न जाता रस्त्यावरून थेट पात्रात उतरणाऱ्या पन्नीला प्रक्रिया केंद्र काय करणार? नदी शहराबाहेर पडते त्या जागी तरंगता अडसर लावावा, त्यात अडकलेलं दर आठवड्याला तोलावं, कुठल्या वस्तू किती निघाल्या ते लोकांसमोर मांडावं. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे. मोजणारे हात आपल्याकडे आहेत.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गटारं तुंबली, आणि पातळ पिशव्यांवर पहिल्यांदा जोराने बोललं गेलं. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली: पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी आली. बाजारात पन्नी आजही मिळते. भाजीवालीला दंड झाला की चार दिवस ती दिसत नाही, पाचव्या दिवशी गिऱ्हाईक मागतं आणि ती देते. वेफरच्या पाकिटाला तर यातल्या कशानेच हात लावलेला नाही.

दंडाविषयी मला आणखी एक शंका आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. आधी उशीर झाला की संकोच वाटायचा. आता पैसे दिले की झालं. पर्यटकाकडून स्वच्छतेचा कर घेताना मला हीच भीती वाटते. माथेरानला, महाबळेश्वरला माणशी पैसे घेतले जातात. ते गावाला मिळायलाच हवेत. पण टाकण्याचा हक्क विकत घेतला, असं पैसे देणाऱ्याला वाटू लागलं तर किनारा आणखी घाण होईल.

अनामतीचं तसं नाही. निलगिरीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतले जाऊ लागले, रिकामी बाटली आणून दिली की परत. डोंगरातल्या जंगलात फेकल्या जाणाऱ्या बाटल्यांपैकी बहुतेक परत येऊ लागल्या. केदारनाथच्या वाटेवरही २०२२ साली प्लास्टिकच्या बाटल्यांवर अशीच दहा रुपयांची योजना आली. जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना विचारा. तिथे २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयाच्या बाटलीवर ही सक्ती आहे, आज त्यावर २५ सेंट असतात, आणि जवळजवळ प्रत्येक बाटली यंत्रात परत जाते. महाराष्ट्रातही दुधाच्या पिशवीवर आणि बाटलीवर परतावा देण्याचं ठरलं होतं. ते नीट रुजण्याआधीच विरून गेलं.

या दहा रुपयांत मला सर्वांत जास्त आवडतं ते हे की ज्याने बाटली टाकली त्याच्याऐवजी ज्याने ती उचलली त्याला ते मिळतात. गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईला आज किनाऱ्यावरच्या हॉटेलचा राखणदार हाकलून लावतो. रविवारी हातमोजे घालून आलेल्या स्वयंसेवकांचे फोटो निघतात. ते येतात हे चांगलंच आहे, त्यांनी यावं. पण त्या बाईच्या गोणीतल्या प्रत्येक वस्तूवर दहा रुपये छापलेले असतील, तर ती किनाऱ्यावरची सर्वांत महत्त्वाची व्यक्ती होईल आणि तिला हाकलणं कुणाला परवडणार नाही. अप्पासाहेबांनी १९३२ साली जे मागितलं, की या कामाला मान असावा, त्याकडे जाणारी एक वाट मला यात दिसते. मान फक्त पैशाने येत नाही हे मला माहीत आहे. पण पैशावाचून दिलेला मान आपल्याकडे फार वेळा भाषणातच राहिला.

म्हणून माझी मागणी बाटलीपुरती नाही. किनाऱ्याच्या तालुक्यांत आणि आपल्या शहरात वेफरच्या पाकिटापासून शाम्पूच्या पुडीपर्यंत, ज्या ज्या आवरणाला कबाडी भाव देत नाही त्या आवरणावर अनामत बसावी, आणि परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची असावी. उत्पादकाच्या जबाबदारीची तरतूद २०१६ च्या केंद्रीय नियमांत आहेच. ती आज कागदावरच्या प्रमाणपत्रांत अडकली आहे. आपल्या शहरातल्या सहली नेणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की कोकणात गाडी नेताना जितकं पाकीटबंद खाणं वर चढतं, त्याची रिकामी आवरणं परत नागपुरात उतरवा आणि इथे वेगळी करून द्या. शाळांच्या सहलींपासून हे सुरू करता येईल.

यावर उद्योगाकडून उत्तर येईल की पाच रुपयांचं पाकीट मग सहा रुपयांना पडेल. पडू द्या. तो एक रुपया आजही खर्च होतोच आहे. तो देवबागची ग्रामपंचायत भरते, रापणकर आणि ढिवर जाळं साफ करण्यात भरतात, पारडीचा शेतकरी नांगराला गुंडाळलेल्या पन्न्या सोडवण्यात भरतो. पाकीट खाणारा आणि ते विकणारा, हे दोघंच काय ते भरत नाहीत. येत्या दिवाळीआधी महानगरपालिकेला आणि राज्य सरकारला या मागणीचं निवेदन द्यायचं आहे. त्याचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे. तो वाचा, पटत नसेल तिथे खोडा, पटत असेल तर सही करा. आता तुमचे प्रश्न ऐकायला मला आवडेल.